स्वतः फुटून शेजाऱ्याला जनुकं देणारे जिवाणू: हा व्यवहार टिकला कसा?

सांजवेळ

गेले काही दिवस एका प्रश्नाने डोक्यात ठाण मांडलं आहे. इथे सूक्ष्मजीवशास्त्रातली मंडळी आहेत, उत्क्रांतीवर हिरिरीने लिहिणारीही आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

जिवाणू एकमेकांना डीएनए देतात हे बहुतेकांनी वाचलेलं असतं. त्याच्या तीन वाटाही पाठ असतात. मेलेल्या पेशीचा उघड्यावर पडलेला डीएनए उचलायचा, दोन पेशींनी चिकटून प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरची डीएनएची छोटी कडी, द्यायचं, किंवा विषाणूच्या पोटातून जनुकं चुकून इकडची तिकडे जायची. मी विचारते आहे ती वाट या तिन्हींत नीट बसत नाही.

रोडोबॅक्टर कॅप्सुलेटस नावाचा एक जिवाणू आहे. जांभळट रंगाचा, प्रकाशावर जगू शकणारा. १९७४ साली बॅरी मार्स यांनी त्याचे वेगवेगळ्या प्रतिजैविकांना दाद न देणारे वाण एकत्र वाढवले, तेव्हा दोन्ही औषधांना न जुमानणाऱ्या पेशी मिळाल्या. पेशी एकमेकींना चिकटायची गरज नव्हती, पेशी गाळून काढल्यावर उरलेलं द्रवही तेच काम करत होतं. त्यात डीएनए कापणारं विकर घातलं तरी फरक पडेना, म्हणजे डीएनए कशाच्या तरी आत सुरक्षित होता. बरं, विषाणू म्हणावा तर जिवाणू मेल्याची खूण, बशीवर दिसणारी ती स्वच्छ वर्तुळं, कुठेच नव्हती. त्या अनोळखी वाहकाला त्यांनी जीन ट्रान्सफर एजंट म्हटलं. पुढे सगळे जीटीए म्हणायला लागले.

आज आपल्याला माहीत आहे की हा कण फेजसारखाच, म्हणजे जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूसारखाच, दिसतो, त्याला डोकं असतं आणि शेपूटही असतं. डोक्यात डीएनएचा साधारण ४,००० बेसजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या ४,००० अक्षरांचा, तुकडा मावतो. हा तुकडा यजमान पेशीच्या गुणसूत्रावरून जवळजवळ कुठूनही उचललेला असतो. कण बनवणारी पेशी शेवटी फुटते, आणि कण बाहेर पडतात.

आता माझी अडचण. कण बनवायची मुख्य जनुकं एका जागी ओळीने आहेत आणि त्यांची लांबी १४,००० बेसजोड्यांच्या वर जाते. म्हणजे पाकीट बनवायची कृती त्या पाकिटात मावतच नाही! साध्या विषाणूचं गणित कळतं, तो पेशी मारतो आणि स्वतःच्या प्रती पसरवतो. इथे पेशी मरते, कणाची स्वतःची प्रत जात नाही, आणि शेजाऱ्याला मिळतो तो कुठला तरी तुकडा, जो बहुतेक वेळा त्याच्याकडे आधीच असतो.

मग हे टिकलं का? माझं मत असं, की शेजारी बहुधा त्याच कुळातले असतात, त्यामुळे एका पेशीचं मरण कुळाच्या कामी येतं. पण स्वतः कधीच न फुटणारी आणि इतरांचे कण मात्र घेणारी पेशी पुढे का जात नाही, याचं उत्तर मला या मतात सापडत नाही. तुम्हाला काय वाटतं?

कुतूहल

छान धागा. पहिला बाळबोध प्रश्न माझा. डोकं आहे, शेपूट आहे, पेशी फोडून बाहेर येतो. मग हा विषाणूच की!

रानवाट

@कुतूहल, प्रश्न बाळबोध नाही, पहिली कित्येक वर्षं हीच शंका होती. मूळ विषाणूचंच आहे याबद्दल आता वाद नाही. लँग आणि बीटी यांनी २००० साली ही जनुकं शोधून काढली तेव्हा ती फेजच्या जनुकांशी सरळ जुळत होती. डोक्याचं प्रथिन, शेपटीचं प्रथिन, डीएनए आत भरणारं यंत्र, सगळी फेजचीच घडण. कधी काळी एक फेज एखाद्या पूर्वज जिवाणूच्या गुणसूत्रात शिरून बसला आणि पुढे त्याचं स्वतःपुरतं जगणं हरवलं. कारखाना राहिला, मालकी जिवाणूकडे गेली.

आणि चावीही जिवाणूकडेच आहे. कण कधी बनवायचे हे पेशीची स्वतःची नियंत्रण-प्रथिनं ठरवतात. त्यांतलं सीटीआरए हे प्रथिन इतर अनेक जिवाणूंमध्ये पेशीविभाजनासारखी रोजची कामं बघतं. घरात शिरलेल्या परक्याच्या हाती अशा चाव्या जात नाहीत.

तिसरा_डोळा

धागा आवडला, पण शीर्षकावर आक्षेप नोंदवतो. 'देणारे' या शब्दात हेतू आला. पुढे 'व्यवहार' आला, 'कुळाच्या कामी' आलं. जिवाणूला हेतू नसतो. पेशी फुटते आणि आतला मालमसाला बाहेर पडतो, एवढंच घडतं. आपण त्यावर माणसांचं औदार्य चिकटवतो आणि मग ते औदार्य टिकलं कसं म्हणून कोड्यात पडतो. कदाचित मूळ प्रश्नच आपल्या शब्दांनी तयार केला असेल.

सांजवेळ

@तिसरा_डोळा, 'देणारे' बद्दल मान्य. पण शब्द कितीही कोरडे केले तरी कोडं उरतंच. जनुकांचा एक संच आहे, तो चालू झाला की पेशी मरते. असा संच उत्परिवर्तनांनी हळूहळू मोडून नाहीसा व्हायला हवा होता, आणि तो मोडलेला नाही. यात हेतू कुठेच आला नाही, तरी प्रश्न आहेच ना?

तिसरा_डोळा

हो, असा मांडला तर प्रश्न खरा आहे. आक्षेप शीर्षकापुरता ठेवतो.

पेट्रीडिश

मी या जिवाणूबरोबर काही वर्षं घालवली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कण मोजायची रीत फार देखणी आहे. प्रकाशसंश्लेषणाचं एक जनुक मोडलेला वाण घ्यायचा, म्हणजे तो उजेडावर जगू शकत नाही. चांगल्या वाणाचं द्रव बारीक गाळणीतून गाळायचं, पेशी वर राहतात आणि कण खाली येतात. ते द्रव या मोडक्या वाणात मिसळायचं, बशा ऑक्सिजन काढलेल्या बरणीत घालायच्या आणि बरणी दिव्यापुढे ठेवून द्यायची. ज्या पेशीला नेमका तो तुकडा मिळाला आणि तो जागेवर बसला, तिचीच वसाहत उगवते. काही दिवसांनी बरणीत ते लालसर-तपकिरी ठिपके दिसतात तेव्हा होणारा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे कुठल्या तरी फुटलेल्या पेशीचा तुकडा दुसरीत जिवंत झाल्याचा पुरावा.

एकदा मात्र तीन आठवडे एकही ठिपका उगवला नाही. मी गाळणी बदलली, दिवा बदलला, द्रव नव्याने केलं, तरी बशा रिकाम्याच. मग लक्षात आलं की देणारा वाण ठीक होता आणि दोष घेणाऱ्यात होता. पेशींची गर्दी झाली की त्या एक रासायनिक निरोप सोडतात. मी वापरत असलेल्या वाणात तो निरोप बनवणारं जनुकच नव्हतं. त्या निरोपाशिवाय पेशीभोवतीचं साखरेचं आवरण नीट तयार होत नाही, आणि कण चिकटतो तो त्या आवरणालाच. दार नसलेल्या घरावर मी तीन आठवडे थापा मारत होते. निरोपाचा तो रेणू बाहेरून मिसळल्यावर ठिपके आले.

या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की गर्दीचा तोच निरोप कण बनवण्यालाही चालना देतो आणि इतरांना कण घ्यायलाही तयार करतो. दोन्ही गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या आहेत. मोडीत निघालेल्या विषाणूचे नुसते अवशेष असते तर घेणाऱ्याची इतकी तयारी कशाला असती?

अजून एक. कण आपला डीएनए थेट पेशीच्या आत सोडत नाही. बाहेरच्या पटलाच्या आतपर्यंत तो पोहोचतो, पण तिथून पुढे त्याला ओढून घेतं ते कॉमईसी नावाचं प्रथिन. उघडा डीएनए उचलणाऱ्या जिवाणूंमध्ये हेच प्रथिन हेच काम करतं. म्हणजे सांजवेळच्या यादीतली पहिली आणि तिसरी वाट इथे एकमेकींत गुंतल्या आहेत.

कुतूहल

दार नसलेल्या घरावर थापा! हा प्रतिसाद जपून ठेवतो. ताई, एक विचारू? सगळ्याच पेशी फुटतात का? मग घ्यायला उरतं कोण?

पेट्रीडिश

नाही. नेहमीच्या वाणात शंभरातल्या तीनपेक्षाही कमी पेशी कण बनवतात, बाकीच्या शांत असतात. २०१२ साली चमकणारं प्रथिन जोडून हे पाहिलं गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या गर्दीत एखादीच पेशी उजळलेली दिसते. सगळ्यांचं गुणसूत्र सारखं, निरोपही सारखाच, तरी पेटते ती एखादीच.

शब्दवेडा

अवांतर, पण राहवत नाही. 'जीटीए'ला मराठी शब्द हवा. 'जनुकदूत' कसा वाटतो?

रानवाट

@शब्दवेडा, ऐकायला गोड आहे. पण दूताला निरोप माहीत असतो आणि कुणाकडे जायचं तेही माहीत असतं. इथे दोन्ही नाही. पाकिटात गुणसूत्राचं कुठलंही पान, आणि पत्त्याची जागा कोरी.

शब्दवेडा

मग 'जनुकपाकीट'? सांजवेळनेही पाकीटच म्हटलं आहे. पत्ता नसलेलं पाकीट असू शकतं, दूत मात्र पत्त्याशिवाय निघत नाही.

खडूफळा

'जनुकपाकीट' वर्गात चालेल. मुलं एकदा ऐकतील आणि विसरणार नाहीत.

वर्गाचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग सांगतो. हा भाग शिकवताना मी नेहमी काचेच्या यू आकाराच्या नळीपासून सुरुवात करतो. नळीच्या तळाशी बारीक गाळणी, दोन बाजूंना दोन वाण. द्रव इकडून तिकडे जाऊ शकतं, पेशी जाऊ शकत नाहीत. १९४६ मध्ये लेडरबर्ग आणि टेटम यांनी ई. कोलायमध्ये जनुकांची देवाणघेवाण दाखवली होती. १९५० मध्ये बर्नार्ड डेव्हिस यांनी ते वाण या नळीत ठेवले आणि देवाणघेवाण थांबली. निष्कर्ष असा, की पेशींचा स्पर्श लागतो.

मग लेडरबर्ग यांचा तरुण विद्यार्थी नॉर्टन झिंडर साल्मोनेलामध्ये तोच स्पर्शाचा व्यवहार शोधायला बसला. त्याने तीच नळी लावली आणि उत्तर उलटं आलं. गाळणी मध्ये असूनही जनुकं पलीकडे गेली. डीएनए कापणारं विकर घातलं तरी गेली. १९५२ मध्ये झिंडर आणि लेडरबर्ग यांनी ते प्रसिद्ध केलं. पलीकडे जाणारी वस्तू फेज होती, आणि आपला डीएनए भरता भरता तिने जिवाणूचा तुकडा भरून घेतला होता.

मुलांना मी विचारतो, झिंडरच्या जागी तुम्ही असता आणि अपेक्षेच्या उलट उत्तर आलं असतं तर काय केलं असतं? बहुतेक जण म्हणतात, गाळणी फाटली असेल. एका मुलीचं उत्तर होतं, 'आधी गाळणी तपासीन. ती धड निघाली तर मला झोप लागणार नाही.' त्या मुलीचा मला आजही अभिमान वाटतो.

डॉ. गुळवेल

रुग्णांवर उपचार करणाऱ्याच्या बाजूने थोडं लिहितो, कारण हा विषय फक्त जांभळ्या जिवाणूपुरता नाही.

डुकरांना आमांश करणारा ब्रॅकिस्पायरा हायोडिसेंटेरी नावाचा मळसूत्री जिवाणू आहे. त्याचेही असेच कण असतात, व्हीएसएच-१ नावाचे, प्रत्येकात सुमारे ७,५०० बेसजोड्या. २००८ मध्ये असं दाखवलं गेलं की कार्बाडॉक्स आणि मेट्रोनिडाझोल ही औषधं दिली की हे कण जास्त तयार होतात, आणि त्यांतून इतर प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण एका पेशीतून दुसरीत जातो. कार्बाडॉक्स हे जनावरांच्या खाद्यात मिसळलं जाणारं औषध. म्हणजे औषधानेच जनुकांची पाकिटं बाहेर काढली.

खऱ्या फेजच्या बाबतीत तर हे आम्हाला रोजच्या कामात लक्षात ठेवावं लागतं. शिगा विष बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये त्या विषाचं जनुक एका झोपलेल्या फेजवर असतं. डीएनएला इजा करणारी काही प्रतिजैविकं त्या फेजला जागं करतात, पेशी फुटतात, विष वाढतं. म्हणून अशा जुलाबात प्रतिजैविक देताना हात आखडता घेतला जातो. रुग्णाचे नातेवाईक विचारतात, 'डॉक्टर, औषध का देत नाही?' दोन वाक्यांत हे समजावणं कठीण जातं. पण समजावतो, कारण ते त्यांच्याच माणसाबद्दल असतं. घटसर्पाचं विष, पटकीचं विष, दोन्हींची जनुकं फेजवरच बसलेली आहेत. जिवाणू कसा वागेल याचा फार मोठा भाग त्याच्याकडे कुणाचं पाकीट आलं यावर ठरतो.

पानगळ

@डॉ. गुळवेल, वाचून काटा आला. मग औषधं देऊच नयेत का?

डॉ. गुळवेल

@पानगळ, नाही नाही, असा अर्थ काढू नका. योग्य आजारात प्रतिजैविक जीव वाचवतं, यात शंका नाही. माझं म्हणणं एवढंच, की जिथे गरज नाही तिथे दिलेल्या औषधाने फक्त पैसे वाया जातात असं समजू नका. ते आतल्या जिवाणूंना काहीतरी करायला लावतं.

आकडेमोड

मी गणिताचा माणूस, म्हणून सांजवेळच्या अडचणीत आकडे भरून बघितले.

रोडोबॅक्टरचं गुणसूत्र आणि त्याचं प्लाझ्मिड मिळून साधारण ३८-३९ लाख बेसजोड्या. त्याचे ४,००० चे तुकडे केले तर हजाराच्या थोडे आत. म्हणजे फुटणाऱ्या पेशीने स्वतःची पूर्ण एक प्रत भरली तरी हजारेक पाकिटं. त्यांतल्या चार-पाचांत मिळून पाकीट बनवण्याची कृती विखुरलेली असते.

आता ज्या पेशीकडे ही कृती मुळातच नाही, तिला ही चार-पाच पाकिटं एकदम मिळाली तरी उपयोग नाही. आलेला तुकडा गुणसूत्रावर बसायचा तर त्याच्या दोन्ही टोकांशी जुळणारा मजकूर तिथे आधीच हवा. मधल्या पानांना जुळणारं काहीच नसेल तर ती बसणार कुठे? म्हणजे ही कृती नव्या घरात पोहोचणं जवळपास अशक्य आहे.

पण एक बारकावा मला फार आवडला. समजा शेजाऱ्याकडे कृती आहे, फक्त एका अक्षराने मोडलेली. त्याला धड तुकडा मिळाला तर दुरुस्ती होऊ शकते. आणि पाकिटं तर फक्त धड कृती असलेल्या पेशींकडूनच येतात! मोडकी पेशी पाकिटं बनवूच शकत नाही. म्हणजे वाहतूक एकाच दिशेची आहे, चांगल्याकडून मोडक्याकडे. सांजवेळच्या फुकट्या पेशीला अधूनमधून असा एखादा तुकडा मिळून ती पुन्हा फुटणाऱ्यांत जमा होईल. हेच उत्तर नसेल?

रानवाट

@आकडेमोड, सुंदर विचार. पण हा मार्ग तपासून झाला आहे. रोझमेरी रेडफिल्ड आणि शॅनन सूसी यांनी २०१८ मध्ये याचंच गणिती प्रारूप मांडलं. फुटून मरणाऱ्या पेशींचा तोटा भरून काढण्याइतकी ही दुरुस्ती घडत नाही. नेमका तोच तुकडा, नेमक्या मोडक्या पेशीत, आणि तो जागेवर बसणं, हे फार विरळ. चुकून मोठं डोकं तयार होऊन त्यात सगळी कृती मावली तर काय, हेही त्यांनी पाहिलं. तेही पुरत नाही.

आकडेमोड

अरेरे, एवढा जपून आणला होता. पण ठीक आहे, कुठलं दार बंद आहे हे तरी कळलं.

तिसरा_डोळा

माझं ऐका. हे दार बंद असेल तर साधं उत्तर उरतं. ही मोडकळीला आलेली वस्तू आहे आणि आपण तिला मोडताना बघतो आहोत. उत्क्रांती सावकाश चालते, आज दिसतंय म्हणजे ते उपयोगाचंच असेल असं नाही.

रानवाट

@तिसरा_डोळा, मोडकळीला आलेली असती तर तिच्यात गंज दिसला असता. ही जनुकं रोडोबॅक्टर ज्यात मोडतो त्या अल्फाप्रोटिओबॅक्टेरियाच्या फार मोठ्या गटात पसरलेली आहेत, कोट्यवधी वर्षं वारशाने सरळ खाली आली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी शाबूत आहेत. निरुपयोगी जनुकं एवढा काळ धड राहत नाहीत, जिवाणूंमध्ये तर नाहीच, त्यांचं गुणसूत्र अडगळ सांभाळत नाही.

त्याहून बोलका पुरावा २०२० चा आहे. फेजमधल्या सारख्या प्रथिनांशी तुलना केली तर जीटीएची प्रथिनं कमी कार्बन लागणाऱ्या, बनवायला स्वस्त पडणाऱ्या अमिनो आम्लांकडे झुकलेली आहेत. म्हणजे नैसर्गिक निवडीने या कारखान्यावर काटकसरीचा हात फिरवला आहे. पडक्या घराला कुणी रंग देत नाही.

तिसरा_डोळा

अमिनो आम्लांचा मुद्दा माझ्यासाठी नवा आहे आणि वजनदार आहे. मोडकळीचं मत मागे घेतो. पण मग 'उपयोग काय' हे कुणीतरी सांगा, इतके प्रतिसाद झाले तरी ते आलेलं नाही.

वाटसरू

माझा अंदाज: नवं वातावरण आलं की नवी जनुकं लागतात, म्हणून वाटप. समुद्रातल्या जिवाणूंवरचा २०१० चा शोधनिबंध आठवतो. जीटीएमधून खुणेचं जनुक समुद्राच्या पाण्यातल्या नैसर्गिक जिवाणूंत जातं का ते पाहिलं होतं, आणि आधीच्या अंदाजांपेक्षा कित्येक पटींनी जास्त पेशींत ते सापडलं होतं.

आकडेमोड

@वाटसरू, एक अडचण दिसते. पाकीट घेणारा बहुतेक वेळा सख्खा शेजारी असतो, त्याचं पुस्तक तेच. त्याला त्याच पुस्तकाचं पान पाठवून नवं काय मिळणार?

पेट्रीडिश

@आकडेमोड, तुम्ही अडचण म्हणून लिहिलंत तेच मला उत्तर वाटतं! तेच पान पाठवण्याचा उपयोग कधी होतो? तुमचं पान फाटलेलं असतं तेव्हा.

कॉलोबॅक्टर क्रेसेंटस या दुसऱ्या जिवाणूत २०२२ मध्ये जीटीए सापडले, प्रत्येकात सुमारे ८,३०० बेसजोड्या. एरवी एक दमनकारी प्रथिन त्यांना झोपवून ठेवतं, ते जनुक काढल्यावर कण बनू लागले. मग संशोधकांनी पेशींची वाढ थांबलेल्या काळात त्यांच्या डीएनएला इजा केली. जे कण घेऊ शकत होते त्यांनी तुटलेला डीएनए जास्त चांगला दुरुस्त केला आणि ते जास्त तगले. डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले की दुरुस्तीसाठी त्याच मजकुराची दुसरी धड प्रत लागते. वाढ थांबलेल्या पेशीकडे बहुधा एकच प्रत उरलेली असते. तिला ते पान कुठून मिळणार? फुटलेल्या बहिणीकडून.

आता माझा जुना अनुभव याच्या शेजारी ठेवा. रोडोबॅक्टरमध्येही कण जोमाने बनतात ते वाढ मंदावल्यावर, गर्दी झाल्यावर. म्हणजे दुसरी प्रत लागण्याची वेळ आणि पाकिटं निघण्याची वेळ एकच. यातून फुकट्या पेशीचं कोडं सुटतं असं मी म्हणणार नाही. दुरुस्तीचा फायदा तिलाही मिळतो. पण 'तेच पान कशाला' हा प्रश्न तरी संपतो.

पानगळ

'फुटलेल्या बहिणीकडून' वाचून थांबले जरा. दधीची ऋषी आठवले, आपली हाडं देणारे.

तिसरा_डोळा

@पानगळ, दधीचींनी ठरवून दिली होती. इथे ठरवणारं कुणी नाही. पण तुम्ही थांबलात ते मला समजतं, मीही थांबलो.

रानवाट

बार्टोनेलाचं कुणी काढलं नाही अजून. मांजराच्या ओरखड्यातून आजार देणाऱ्या बार्टोनेला हेन्सेलीच्या गटातही जीटीए आहेत, आणि तिथे पाकिटात 'कुठलंही पान' जात नाही. गुणसूत्रावर एका जागी फेजकडून मिळालेली डीएनए-प्रतींची सुरुवात-खूण आहे. तिथून आजूबाजूच्या भागाच्या जादा प्रती निघतात आणि तोच भाग पाकिटांत जास्त भरला जातो. त्या शेजारात यजमान प्राण्याच्या पेशीशी जुळवून घ्यायला लागणारी जनुकं आहेत. जी पानं सतत बदलावी लागतात, त्यांच्याच प्रती जास्त.

आणि २०१७ च्या अभ्यासात दिसलं की बार्टोनेलात कण बनवतात त्या सगळ्यात तगड्या, जोमाने वाढणाऱ्या पेशी. म्हणजे रोडोबॅक्टरच्या उलट! माझ्या मते 'जीटीए कशासाठी' याला एक उत्तर शोधणंच चुकतं आहे. वेगवेगळ्या कुळांत वेगवेगळे फेज वेगवेगळ्या वेळी घरचे झाले. दिसायला काम एकच, पण प्रत्येक घरी त्याचा उपयोग निराळा असू शकतो.

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे परत येते, कारण माझं मत बदललं आहे.

मी 'कुळाच्या कामी' म्हणाले होते आणि फुकट्या पेशीपाशी अडकले होते. पेट्रीडिशचा एक आकडा मी आधी नीट वाचला नव्हता: शंभरात तीनपेक्षा कमी. मी मनात सगळी वस्ती फुटते असं धरून हिशेब करत होते. ज्या पेशीकडे हा संच आहे तिचंही फुटणं क्वचितच घडतं, आणि तेही बहुतेक वाढ थांबल्यावर, जेव्हा तिला पुढे फारशी पिल्लं व्हायची नसतात. म्हणजे तोटा मी धरला होता त्याच्या अगदी थोड्या हिश्शाएवढा. फायदा मात्र उरलेल्या सत्त्याण्णवांना, आणि त्या सगळ्यांकडे तोच संच असतो. फुकटी पेशी जिंकेल, पण तिची आघाडी इतकी बारीक असेल की वस्ती विखुरली, पुन्हा एकेका पेशीपासून उभी राहिली, की ती पुसली जाऊ शकते. हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. @आकडेमोड, वस्ती विखुरण्याचा भाग धरून याचं गणित करून बघाल का?

आकडेमोड

करतो. फुटण्याचं प्रमाण, दुरुस्तीचा फायदा आणि किती पिढ्यांनी वस्ती विखुरते, या तिन्हींचा मेळ बघायला हवा. दोन-तीन दिवस द्या.

खडूफळा

आज वर्गात जनुकपाकीट सांगितलं. एका मुलाने विचारलं, 'सर, जे पाकीट कुणालाच मिळालं नाही त्याचं काय होतं?' मला उत्तर आलं नाही. कुणी सांगेल का? त्याला उद्या सांगायचं कबूल केलं आहे.

रानवाट

@खडूफळा, जीटीएचं नेमकं सांगत नाही, पण जवळचं एक उदाहरण त्याला आवडेल. समुद्रात प्रोक्लोरोकोकस नावाचा अतिसूक्ष्म, प्रकाशावर जगणारा जिवाणू आहे. तो जिवंत असतानाच आपल्या पटलाचे बारीक फुगे सोडत राहतो. २०१४ मध्ये दिसलं की त्या फुग्यांत प्रथिनं असतात, आरएनए असतो आणि गुणसूत्राचे तुकडेही असतात. खुल्या समुद्राच्या पाण्यातही जिवाणूंचे असे डीएनए असलेले फुगे सापडले. मग संशोधकांनी ते फुगे दुसऱ्या एका जिवाणूला दिले, दुसरा कुठलाही कार्बन न देता, आणि तो त्यांवर वाढला.

तेव्हा त्याला सांगा, ज्याला मजकूर वाचता आला नाही त्याने कागद खाल्ला.

खडूफळा

हे उत्तर त्याला खूप आवडणार. उद्या काय म्हणाला ते इथे लिहितो.